रक्तवाहिन्यांचा शिंपी

तुटलेली धमनी पुन्हा शिवता येते, हे डॉ. ॲलेक्सिस कॅरेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. बायपासपासून मूत्रपिंड प्रत्यारोपणापर्यंतच्या शस्त्रक्रियांचा पाया त्यांच्या टाक्यांनी घातला. नोबेल पारितोषिकाचा मान मिळालेल्या या शल्यचिकित्सकाच्या आयुष्याची अखेर मात्र अपकीर्तीच्या सावटाखाली झाली.

२४ जून १८९४ ची रात्र. फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो लिऑन शहराच्या भेटीवर आले होते. मेजवानी आटोपून ते बग्गीतून निघाले असताना गर्दीतून एक इटालियन अराजकतावादी तरुण पुढे सरसावला आणि त्याने कार्नो यांच्या पोटात खंजीर खुपसला. शहरातील नामवंत शल्यचिकित्सक धावून आले. पोट उघडण्यात आले. यकृताकडे रक्त नेणारी मोठी नीला कापली गेली होती आणि तिच्यातून वाहणारे रक्त थांबवणे कोणालाच शक्य झाले नाही. मध्यरात्र उलटून थोडा वेळ होतो न होतो तोच अध्यक्षांचे निधन झाले.

एवढी मोठी रक्तवाहिनी तुटल्यावर माणूस वाचणे अशक्यच, यावर वैद्यकीय वर्तुळाचे एकमत होते. त्याच शहरात वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या वीस-एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला मात्र ते पटले नाही. कापड शिवता येते, आतडे शिवता येते, मग रक्तवाहिनी का शिवता येऊ नये, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला. हा विद्यार्थी म्हणजे ॲलेक्सिस कॅरेल.

कॅरेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी लिऑनजवळच्या एका गावात झाला. वडील कापडाचे व्यापारी. मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते वारले आणि पुढे मुलाने वडिलांचेच ॲलेक्सिस हे नाव धारण केले. आईने मुलांना धार्मिक वळणात वाढवले. लिऑन हे रेशमाचे शहर. विणकर, शिंपी आणि भरतकाम करणारे कारागीर यांची तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती. कॅरेल यांच्या पुढील आयुष्यात या परंपरेचा फार मोठा उपयोग झाला.

बांधायची की शिवायची?

त्या काळी धमनी तुटली की ती दोऱ्याने घट्ट बांधून टाकत. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे यांनी रूढ केलेला हा मार्ग तीन शतके टिकला होता. रक्तस्राव थांबे, जीव वाचे. परंतु बांधलेल्या जागेच्या पलीकडचा रक्तपुरवठाही थांबे. आजूबाजूच्या लहान वाहिन्यांनी वेळीच भार उचलला तर हात किंवा पाय वाचायचा. नाही तर गँगरीन होऊन तो कापावा लागायचा. धमनीला फुगवटा आलेल्या रुग्णांच्या वाट्यालाही बहुधा हेच येई.

रक्तवाहिनी शिवण्याचे प्रयत्न अगदीच झाले नव्हते असे नाही. लिऑनमध्ये मातिउ जाबुले आणि अमेरिकेत जॉन मर्फी यांनी १८९६ च्या सुमारास त्या दिशेने पावले टाकली होती. पण यशाची खात्री कोणालाच देता येत नव्हती. धमनीचे आतील अस्तर अत्यंत गुळगुळीत असते. जाड सुईने ते दुखावले किंवा दोऱ्याचा धागा प्रवाहात आला, की तेथे रक्त साकळून गुठळी होते. टाके घट्ट घातले तर तोंड आवळले जाऊन वाट अरुंद होते. सैल घातले तर रक्त झिरपत राहते. आणि जखमेत जंतूंचा शिरकाव झाला, तर काही दिवसांनी सारी शिवण उसवून एकाएकी प्राणघातक रक्तस्राव होतो. गुठळी, अरुंदपणा, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग अशा चार शत्रूंशी ही लढाई होती.

कॅरेल यांनी या शत्रूंचा एकेक करून विचार केला. पहिली गरज होती ती हाताच्या सफाईची. त्यासाठी ते शल्यचिकित्सकांकडे गेले नाहीत. लिऑनमधील भरतकामात निष्णात असलेल्या मादाम लरूदिए यांच्याकडे त्यांनी धडे घेतले. अतिशय बारीक सुया आणि रेशमाचा धागा त्यांनी शिवणकामाच्या सामानाच्या दुकानातून मिळवला. धाग्याला व्हॅसलीन लावले, म्हणजे तो अस्तरातून सहज सरकतो आणि सुईने पडलेले छिद्रही भरून निघते, हे त्यांच्या ध्यानात आले. रक्तवाहिनी कोरडी पडू द्यायची नाही, चिमट्याने चुरगळायची नाही, आतील अस्तर आतील अस्तराशीच जुळले पाहिजे, असे नियम त्यांनी स्वतःसाठी घालून घेतले.

अरुंदपणावर त्यांनी काढलेला तोडगा तर विलक्षण साधा होता. तुटलेल्या वाहिनीची दोन गोल तोंडे समोरासमोर आणून त्यांच्या परिघावर सारख्या अंतराने तीन टाके घालायचे आणि त्यांचे दोरे तीन दिशांना ताणून धरायचे. त्यामुळे वर्तुळाचा त्रिकोण होतो. त्रिकोणाची एकेक बाजू सरळ कापडासारखी शिवत जायचे. ताण दिल्यामुळे तोंड आवळले जात नाही आणि सुई चुकून समोरच्या भिंतीत शिरत नाही. १९०२ मध्ये कॅरेल यांनी ही पद्धत लिऑनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

मायदेशातून निर्वासन

त्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. लूर्द या तीर्थक्षेत्री निघालेल्या यात्रेकरूंबरोबर डॉक्टर म्हणून ते गेले. तेथे क्षयाने मरणासन्न झालेली एक तरुणी त्यांच्या डोळ्यांदेखत सावरली. जे पाहिले ते त्यांनी लपवले नाही. त्यामुळे शास्त्रनिष्ठ सहकाऱ्यांना ते भोळसट वाटले, तर धार्मिक मंडळींना त्यांच्या सांगण्यात श्रद्धा कमी आणि शंका अधिक दिसली. लिऑनमध्ये शल्यचिकित्सकाचे कायम पद मिळण्याची आशा मावळली. १९०४ मध्ये त्यांनी कॅनडाची वाट धरली. तेथे गुरे पाळण्याचाही त्यांचा विचार होता असे सांगतात. पण तेथून ते शिकागो विद्यापीठात पोहोचले.

शिकागोत चार्ल्स गथ्री या शरीरक्रियाशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी केलेले काम हा रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा खरा प्रारंभ मानला जातो. कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी धमन्या जोडल्या, धमनीच्या जागी नीलेचा तुकडा बसवला, मूत्रपिंडे काढून पुन्हा जोडली. धमनीच्या दाबाखाली नीलेची भिंत हळूहळू जाड होते, हे त्यांनी नोंदवले. पुढे न्यूयॉर्कमधील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी रक्तवाहिन्यांचे तुकडे थंडीत साठवून नंतर वापरता येतात, हेही दाखवले. १९१० मध्ये कुत्र्याच्या हृदयाच्या धमनीला पर्यायी वाट काढून देण्याचा प्रयोग त्यांनी केला. तो कुत्रा जेमतेम दोन तास जगला. पण बायपासची कल्पना कागदावरून शस्त्रक्रियेच्या टेबलावर आली होती.

१९०८ मधील एका प्रसंगाने मात्र ही कला प्रयोगशाळेबाहेर आणली. न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरांच्या नवजात मुलीला रक्तस्राव होत होता आणि तो काही केल्या थांबेना. कॅरेल यांना रात्री बोलावून नेण्यात आले. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय व्यवसाय करण्याचा परवानाही त्यांच्याकडे नव्हता. घरातल्याच टेबलावर त्यांनी पित्याच्या मनगटातील धमनी बाळाच्या पायातील काडीसारख्या नीलेला शिवली. बापाचे रक्त लेकीच्या शरीरात जाऊ लागले आणि पांढऱ्याफटक पडलेल्या त्या बाळावर गुलाबी छटा पसरली. मुलगी वाचली. रक्तगटांची तपासणी अद्याप रूढ झालेली नसताना हे घडले. त्यात कौशल्याइतकाच दैवाचाही वाटा होता.

१९१२ मध्ये कॅरेल यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला या विषयातील नोबेल मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. गथ्री यांना त्यात वाटा मिळाला नाही, याची खंत अनेक अभ्यासकांनी पुढे व्यक्त केली.

टाके टिकले, अवयव टिकला नाही

कॅरेल यांचे मोठेपण यशाइतकेच अपयशाच्या विश्लेषणात होते. कुत्र्याचे स्वतःचे मूत्रपिंड काढून त्यालाच पुन्हा जोडले, तर ते दीर्घकाळ काम करी. दुसऱ्या कुत्र्याचे जोडले, तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत निकामी होई. शवविच्छेदनात टाके शाबूत दिसत, रक्तवाहिन्या मोकळ्या दिसत. दोष शिवणीत नव्हता. परक्या अवयवाला शरीरच स्वीकारत नाही, हे कॅरेल यांनी ओळखले आणि हस्तकौशल्याने सुटणारा प्रश्न कोणता व न सुटणारा कोणता, यांतील सीमारेषा स्पष्ट केली. १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते याच सीमारेषेचा आदर राखून.

माणसांच्या धमन्यांवर या पद्धतीचा सर्रास उपयोग व्हायलाही चार दशके जावी लागली. टाके निर्दोष असले तरी गुठळी होतच असे. हेपॅरिनसारखे रक्त न गोठू देणारे औषध, धमन्यांचे क्ष-किरण चित्रण, प्रतिजैविके आणि रक्तपेढ्या यांची जोड मिळाल्यावर दार उघडले. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये जाँ कुनलँ यांनी रुग्णाच्याच पायातील नीला वापरून मांडीच्या बंद धमनीला बायपास केला. १९५१ मध्ये शार्ल द्युबोस्त यांनी पोटातील महाधमनीचा फुगवटा काढून तेथे मृत व्यक्तीची धमनी बसवली. त्यानंतर कृत्रिम धाग्यांच्या नळ्या आल्या.

पहिल्या महायुद्धात कॅरेल फ्रान्सला परतले. पत्नी आन-मारी यांच्या साथीने त्यांनी युद्धभूमीजवळ रुग्णालय चालवले आणि रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन यांच्या द्रावणाने जखमा सतत धुण्याची पद्धत विकसित केली. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात अनेक सैनिकांचे हातपाय आणि प्राण तिने वाचवले. पुढे विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या सहकार्याने १९३५ मध्ये त्यांनी अवयव शरीराबाहेर जिवंत ठेवणारा काचेचा पंप तयार केला.

उतरती वाट

याच १९३५ सालच्या पुस्तकाने कॅरेल यांची दुसरी बाजू जगापुढे आली. मानवाविषयीच्या या ग्रंथाच्या प्रचंड प्रती खपल्या. पण त्यात माणसांची सबल आणि दुर्बल अशी प्रतवारी होती. घोर गुन्हेगारांना आणि गुन्हे करणाऱ्या मनोरुग्णांना वायूने मरण देण्याची शिफारस होती. १९३६ च्या जर्मन आवृत्तीत त्यांनी तेथील नाझी राजवटीच्या उपायांची प्रशंसाही केली. १९४१ मध्ये ते फ्रान्सला परतले आणि जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या विशी सरकारने स्थापलेल्या मानवी प्रश्नांच्या संस्थेचे प्रमुख झाले. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होताच त्यांना पदावरून दूर करण्यात आले. चौकशीला सामोरे जाण्यापूर्वीच, ५ नोव्हेंबर १९४४ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

प्रयोगशाळेतील कॅरेल एखादा टाका का निसटला, याचा छडा लागल्याशिवाय पुढे जात नसत. समाजाविषयी निष्कर्ष काढताना मात्र पुरावा तपासण्याची ती सवय त्यांनी सोडून दिली. कुत्र्याच्या मूत्रपिंडाबाबत आपल्या ज्ञानाची मर्यादा मान्य करणारा हा शास्त्रज्ञ जिवंत माणसांचे मूल्य ठरवताना निःशंक झाला, ही त्यांच्या आयुष्यातील खरी शोकांतिका म्हणावी लागेल. १९९० च्या दशकात फ्रान्समधील अनेक रस्त्यांवरून त्यांचे नाव उतरवण्यात आले. लिऑनच्या वैद्यकीय विद्याशाखेनेही १९९६ मध्ये ते बदलले.

आज मधुमेहाने किंवा धूम्रपानाने पायाच्या धमन्या बंद झालेला रुग्ण शस्त्रक्रियेसाठी दाखल होतो, तेव्हा डॉक्टर नातेवाइकांना संभाव्य धोके समजावून सांगतात. गुठळी होऊन नवी वाट बंद पडू शकते, जोड अरुंद होऊ शकतो, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. गुडघ्याखालच्या बायपाससाठी रुग्णाची स्वतःची नीला कृत्रिम नळीपेक्षा अधिक काळ टिकते, हेही सांगतात. कॅरेल यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून ओळखलेले तेच ते चार शत्रू. त्यांना दूर ठेवण्याची साधने वाढली, शत्रू बदलले नाहीत. कॅरेल यांचे नाव पाट्यांवरून गेले. त्यांनी घातलेले तीन टाके मात्र शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवले जातात.