माधवराव सप्रे : एका आयुष्यक्रमाचा विचार

मानसशास्त्राने फार काळपर्यंत विकासाचा विचार बालपणापुरताच मर्यादित ठेवला होता. फ्रॉइडच्या मते व्यक्तित्वाची घडण पहिल्या पाच-सहा वर्षांतच बहुतांशी पूर्ण होते. पियाजेने बुद्धीच्या विकासाचा मागोवा घेतला तो किशोरावस्थेपर्यंत. त्यापुढील चाळीस-पन्नास वर्षे म्हणजे जणू आधीच ठरलेल्या घडीचा वापर. ही समजूत मोडून जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या आठ अवस्थांची मांडणी एरिक एरिक्सन याने १९५० मध्ये केली, आणि पुढे मार्टिन ल्यूथर व महात्मा गांधी यांच्या चरित्रांना ती लावून पाहिली. पंडित माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे. ‘छत्तीसगढ मित्र’चे संपादक, ‘हिंदी केसरी’चे प्रवर्तक, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ यांचे हिंदी अनुवादक म्हणून ते हिंदीच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. मराठी वाचकांना मात्र त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते, ही खेदाची गोष्ट होय.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी एका मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील कोंडोपंत पुढे कुटुंबासह बिलासपुरास आले. पितृछत्र लवकर हरपले आणि थोरले बंधू बाबूराव यांनी धाकट्या भावाचे पालनपोषण केले. ही वस्तुस्थिती येथे जरा थांबून लक्षात घ्यावयास हवी, कारण सदतिसाव्या वर्षी जो प्रसंग ओढवला त्याचे मूळ तिच्यात आहे. ज्या घरी थोरला भाऊच पित्याच्या जागी असतो त्या घरी धाकट्याचे प्रेम, भय आणि ऋण ही तिन्ही एकाच माणसाशी बांधली जातात. पाश्चात्त्य मानसशास्त्राने पिता-पुत्र संबंधाचा जितका ऊहापोह केला तितका या भावा-भावांच्या नात्याचा केला नाही. आपल्या एकत्र कुटुंबात मात्र ते नाते पुष्कळदा अधिक निर्णायक ठरते.

बिलासपूरचे शिक्षण संपवून माधवराव रायपुरास आले आणि १८९० मध्ये प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले. येथील शाळेतील नंदलाल दुबे या शिक्षकांमुळे त्यांना हिंदीची गोडी लागली. घरात मराठी, गावात छत्तीसगढी, शाळेत इंग्रजी आणि मनाने निवडलेली हिंदी, असा हा चार भाषांचा संसार होता. पुढे छत्तीसगढातील राजनांदगाव येथे अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध यांचाही प्रवास मराठी घरातून हिंदी साहित्याकडेच झाला. मातृभाषा सोडून दुसऱ्या भाषेत स्वत्व शोधण्याच्या या प्रक्रियेचा अभ्यास आपल्याकडे व्हावयास हवा तसा झालेला नाही.

नंतरची आठ वर्षे जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर अशा भटकंतीत गेली. मध्यंतरी त्यांनी सार्वजनिक बांधकाम खात्याची कंत्राटे घेऊन पाहिली आणि त्यांत त्यांना तोटा आला. सरकारी नोकरीची वाट मोकळी असताना ती त्यांनी धरली नाही. बी. ए. झाले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. एरिक्सनने तारुण्यातील अशा रेंगाळण्याला एक प्रकारची सवलत मानले आहे: समाज तरुणाला काही काळ निर्णयावाचून राहू देतो, आणि त्या वरवर वाया गेलेल्या काळातच आपण कोण याचे उत्तर पक्व होते. माधवरावांच्या बाबतीत ते उत्तर पेंड्रा येथे मिळाले. तेथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून काम करीत असताना, मिळणाऱ्या वेतनातून बचत करून, त्यांनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर संपादनात सहकारी होते आणि रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी प्रकाशनाचा भार उचलला. तिघेही मराठीभाषक. मासिक तीन वर्षे चालले आणि आर्थिक अडचणींमुळे बंद पडले. परंतु पुस्तकांची रोखठोक परीक्षणे आणि १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा यांमुळे त्याचे स्थान पक्के झाले आहे. या कथेला हिंदीतील पहिली कथा म्हणावे की नाही, हा वाद अभ्यासकांत पुष्कळ रंगला. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ निघू लागला. लोकमान्य टिळकांचे विचार हिंदी प्रदेशात पोहोचविणे हा त्याचा उद्देश होता. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये माधवरावांनाही राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. बाबूराव सरकारी नोकरीत होते. क्षमापत्रावर सही न केल्यास आपण प्राणत्याग करू, असे त्यांनी निक्षून सांगितल्याचे चरित्रकार नोंदवितात. माधवरावांनी सही केली आणि ते सुटून बाहेर आले.

या सहीचा न्याय करणे सोपे आहे, आणि तत्कालीन अनेकांनी तो केलाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र येथे वेगळे काही दिसते. लेखणी धरणारा स्वत्ववान पुरुष आणि थोरल्या भावाच्या छायेत वाढलेला पोरका मुलगा, अशा दोन व्यक्ती एकाच देहात होत्या. तुरुंगात त्या समोरासमोर आल्या आणि मुलगा जिंकला. विकासाची अवस्था ओलांडली म्हणजे ती संपली असे होत नाही. ती मागे दबा धरून राहते, हे एरिक्सनचे प्रतिपादन या ठिकाणी पटते. न पटणारी गोष्ट ही की, स्वत्वाच्या संकटाला त्याने मुख्यतः तारुण्यात जागा दिली. माधवरावांचे खरे संकट सदतिसाव्या वर्षी, कीर्ती आणि कर्तृत्व लाभल्यानंतर आले. अर्थात त्यांच्या अंतरंगाची जवानी आपल्याजवळ नसताना असे निदान जपूनच करावयास हवे.

त्यानंतर जे घडले ते या चरित्राचे मर्म होय. माधवराव वर्ध्याजवळील हनुमानगढ येथे श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी साधकाकडे गेले. माधुकरी मागून ते राहू लागले आणि ‘दासबोधा’ची पारायणे करू लागले. पश्चात्तापाने माणूस दोन प्रकारे वागतो: एक स्वतःला संपवीत जातो, दुसरा स्वतःला शिस्त लावून घेतो. कालच्या प्रख्यात संपादकाने झोळी घेऊन दारोदार जाणे म्हणजे प्रतिष्ठेचे जाणूनबुजून केलेले विसर्जन होते. ग्रंथाची निवडही अर्थपूर्ण आहे. ‘दासबोधा’चा तिसरा दशक म्हणजे मनुष्याच्या आयुष्यक्रमाचे सलग वर्णन आहे, गर्भवासाचे दुःख, असहाय शैशव, विवाह, संसाराची ओढाताण, इंद्रिये थकल्यावरचे वार्धक्य आणि मृत्यू हे सारे समर्थांनी त्यात क्रमाने मांडले आहे. आयुष्याच्या अवस्थांची अशी मांडणी आपल्या भाषेत सतराव्या शतकातच झाली होती, हे आपल्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांना सहसा आठवत नाही. समर्थांचा हेतू वैराग्याचा आणि आधुनिक शास्त्राचा वर्णनाचा, हा भेद आहेच. परंतु याच ग्रंथात पुढे प्रपंच नेटका करण्याची, सावधपणाची आणि यत्नाची शिकवणही आहे. खचलेल्या कर्त्या पुरुषाला तिचाच आधार वाटला असावा.

माधवरावांनी हा ग्रंथ हिंदीत आणला. मग दुसरे काम आले ते ‘गीतारहस्या’चे. टिळकांनी मंडाले येथील तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये मराठीत आणि १९१६ मध्ये माधवरावांच्या हिंदी अनुवादासह सर्व उत्तर भारतात पोहोचला. ज्याने क्षमा मागितली नाही त्याचा ग्रंथ, ज्याने मागितली त्याने शब्दशः दुसऱ्या भाषेत उतरविला. विषयही कोणता, तर ऐन रणात गळून गेलेल्या माणसाला पुन्हा कर्माला उभे करण्याचा. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक मराठी ग्रंथाचा अनुवादही त्यांनी नंतर केला. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर लहान अक्षरांत छापले जाते, आणि त्या काळात बहुधा त्यांना तेच हवे होते.

रायपुरास परतल्यावर त्यांनी रामदासी मठ स्थापिला, मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी पाठशाळा काढली आणि असहकारितेच्या काळात राष्ट्रीय विद्यालयाच्या उभारणीत भाग घेतला. १९२० मध्ये जबलपुरात ‘कर्मवीर’ सुरू झाला तेव्हा त्यामागे प्रेरणा माधवरावांची होती, संपादक म्हणून नाव मात्र माखनलाल चतुर्वेदी यांचे राहिले. प्रौढपणी पुढच्या पिढीची जोपासना करण्यात माणसाचे समाधान असते, असे एरिक्सन मानतो. माधवरावांच्या ठायी ही वृत्ती प्रायश्चित्ताशी इतकी एकजीव झाली होती की, त्यांतले किती औदार्य आणि किती आत्मदंड हे वेगळे काढता येत नाही. वेगळे काढण्याचा हट्टही धरू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. सोळा वर्षे पडद्यामागे राहिल्यानंतर ते स्वतःच्या नावाने अशा मोठ्या सभेपुढे उभे राहिले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, २३ एप्रिल १९२६ रोजी, रायपूर येथे त्यांचे निधन झाले. वयाची पंचावन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एरिक्सनच्या आठव्या अवस्थेपर्यंत, ज्या वार्धक्यात माणूस आपल्या गेलेल्या आयुष्याचा हिशेब मांडतो तिथपर्यंत, ते पोहोचलेच नाहीत.