विश्लेषण : वजन ‘नॉर्मल’, तरी चरबी जास्त? ‘बीएमआय’चे सूत्र देणारे केटले कोण होते?

उंचीच्या मानाने वजन बरोबर, पण पोट सुटलेले आणि रक्तातील साखर वाढलेली. असे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. उंची-वजनाच्या ज्या सूत्रावर विसंबून ते निर्धास्त राहतात, ते मांडणारे ॲडॉल्फ केटले डॉक्टर नव्हते. ते खगोलशास्त्रज्ञ होते.

आजच्या बेल्जियममधील घेंट शहरात २२ फेब्रुवारी १७९६ रोजी त्यांचा जन्म झाला. सात वर्षांचे असताना वडील वारले. विशीच्या आतच ते गणित शिकवू लागले, १८१९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. तरुणपणी त्यांनी कविताही केल्या! ब्रुसेल्सला वेधशाळा हवी म्हणून १८२३ मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे खगोलशास्त्राबरोबर संभाव्यताशास्त्राचीही गोडी लागली.

ताऱ्यांच्या मोजमापातील चुका एका सरासरीभोवती जमतात. हाच हिशेब केटले यांनी माणसांना लावला. सैनिकांच्या छातीची मापे, जन्म-मृत्यू, गुन्हे, आत्महत्या. त्यांनी काहीच सोडले नाही. १८३५ च्या ग्रंथात त्यांनी ‘सरासरी माणूस’ मांडला. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हेही त्यांना आढळले. म्हणजे ६५ किलो वजन आणि १.७० मीटर उंची असेल, तर ६५ भागिले २.८९, उत्तर सुमारे २२.५.

लठ्ठपणा हा त्यांचा विषयच नव्हता. त्यांना लोकसमूहाचे वर्णन करायचे होते. १८५५ मध्ये मेंदूच्या झटक्याने त्यांची स्मरणशक्ती अधू झाली, तरी काम सुरू राहिले. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी ब्रुसेल्समध्ये त्यांचे निधन झाले. जवळपास शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकी संशोधक ॲन्सेल कीज यांनी या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले आणि पुढे ते दवाखान्यादवाखान्यांत पोहोचले.

गोम अशी की, या भागाकाराला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के.

पोटातील अवयवांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी इन्सुलिनचे काम बिघडवते. त्यातून मधुमेह, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच भारतीयांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच वजन जास्त धरले जाते आणि कंबरही मोजतात : पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटरची मर्यादा.