सुंदर चेहऱ्यामागची हेडी

मुलगा बिनवायरचा हेडफोन लावून कॉम्प्युटरवर गेम खेळत असतो, हातात बिनवायरचा माऊस, आणि पलीकडच्या खोलीत मोबाईलवरची गाणी छोट्या स्पीकरवर वाजत असतात. सगळं हवेतूनच चाललेलं, पण एकाचा आवाज दुसऱ्यात घुसत नाही. यामागच्या युक्तीचं एक जुनं पेटंट चक्क एका सिनेनटीच्या नावावर होतं. हेडी लामार तिचं नाव.

हेडी व्हिएन्नाची, जन्म ९ नोव्हेंबर १९१४ चा. वडील बँकेत. लेकीला फिरायला नेताना ट्राम कशी चालते, छापखाना कसा चालतो, हे ते समजावून सांगत. पाच वर्षांची असताना हिने चावीची गाणारी पेटी खोलून पुन्हा जोडली म्हणे!

१९३३ मध्ये फ्रिट्झ मांडल या शस्त्रांच्या बड्या कारखानदाराशी लग्न झालं. ऐश्वर्य होतं, पण नवऱ्याचा पहाराही होता. जेवणाला आलेले पाहुणे शस्त्रांच्या गोष्टी करत, ही नटूनथटून शेजारी बसे. कान मात्र उघडे. १९३७ मध्ये ती त्या घरातून निसटली आणि अमेरिकेत पोचली. पुढच्याच वर्षी 'अल्जियर्स' आला. जगातली सर्वांत सुंदर स्त्री म्हणून तिची जाहिरात झाली. भूमिका बहुतेक दिसण्यापुरत्याच.

शूटिंगहून घरी आली की ही आपल्या टेबलाशी बसे. पाण्यात टाकताच कोला तयार व्हावा अशी वडी करून पाहिली, ती फसली. मग महायुद्ध पेटलं. रेडिओने दिशा देऊन टॉर्पेडो सोडता येतो, पण शत्रूला ती लहर सापडली की त्याच लहरीवर गोंगाट करून तो भरकटवतो. हेडीने विचार केला, लहर सतत बदलत ठेवली तर? पाठवणारा आणि घेणारा, दोघांनी एकाच तालात! संगीतकार जॉर्ज अँथाइलने तिला साथ दिली. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी असते, तशीच इथे वापरायची ठरली. लहरी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच.

११ ऑगस्ट १९४२ ला पेटंट मिळालं. नौदलाने मात्र ते बाजूला ठेवलं. हेडी युद्धरोखे विकत गावोगाव फिरली. लोक गर्दी करत ते तिचा चेहरा बघायला. १९५९ मध्ये पेटंटची मुदत संपली, एक पैही हाती न लागता.

हेडीने वायफाय शोधलं, असा मेसेज सगळीकडे फिरतो. तो काही खरा नाही. आजचं वायफाय निराळ्या पद्धतीने चालतं, आणि लहर बदलण्याची कल्पना तिच्याआधीही काहींनी मांडली होती. पण हेडफोनमधलं नेहमीचं ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा लहर बदलतं, ती युक्ती याच जातीची. मला तर एवढंही थोडं वाटत नाही.

१९९७ मध्ये या कामासाठी तिला पुरस्कार मिळाला. तोवर ती बयाऐंशी वर्षांची, लोकांत मिसळणं सोडून फ्लोरिडात राहणारी. पुरस्कार मुलाने घेतला. १९ जानेवारी २००० ला ती गेली. अमेरिकेच्या संशोधकांच्या मानाच्या यादीत तिचं आणि अँथाइलचं नाव लागलं ते २०१४ मध्ये.