आबे फारिया : दिवाडी-कांदोळीच्या बंडाच्या छायेतील एक धर्मगुरू

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी एका धर्मगुरूचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली तेथे बसवण्यात आला. मोशी परिसरातून जुन्या गोव्याच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. संमोहनशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक म्हणून आबे फारिया जगाला ठाऊक आहेत. परंतु त्यांचे जीवन गोमंतकीय ख्रिस्ती समाजाच्या स्वातंत्र्यलढ्याशी कसे जोडलेले होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत आहे. म्हणून त्यांचे हे अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जोजे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी येथे झाला. पुढे आईवडील परस्परसंमतीने विभक्त झाले. वडील कायतान व्हितोरिन यांनी गुरुदीक्षा घेतली, तर आई रोझा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाल्या. १७७१ साली पितापुत्र जहाजाने लिस्बनला गेले. राजाश्रय मिळाल्याने तरुण जोजे रोमला शिकू शकला. १७८० साली त्याला गुरुदीक्षा मिळाली व ईशज्ञानातील डॉक्टरेटही त्याने संपादन केली. परमगुरुस्वामी सहावे पायस यांच्यासमोर सिस्टाइन चॅपेलमध्ये प्रवचन करण्याचा मानही त्याला लाभला.

रोमने जो सन्मान दिला, तो मायभूमीत मात्र दुर्मीळ होता. पोर्तुगीज ज्या भागाला 'इल्यास' म्हणजे बेटे म्हणत, त्या तिसवाडी-दिवाडीच्या मुलखात व शेजारच्या बार्देशात स्थानिक धर्मगुरू विद्वान असूनही उच्च पदे बहुधा युरोपियनांकडेच राहत. दिवाडीचे मातेउश द काश्त्रु १६३७ साली बिशप झाले, तेही रोममुळेच. १७६१ साली पोर्तुगालने स्थानिक ख्रिस्ती प्रजेला समान हक्क देणारा कायदा केला, तरी व्यवहारात भेदभाव सरला नाही.

ही वेदना घेऊन दिवाडी बेटाचे फादर जोजे आंतोनियो गोन्साल्विस व पणजीचे फादर कायतान फ्रान्सिस्को कुटो लिस्बनला गेले. तेथे त्यांचा फारिया पितापुत्रांशी संपर्क आला. न्याय मिळाला नाही, तेव्हा गोव्यात परतून त्यांनी सशस्त्र उठावाचा मार्ग धरला. कांदोळीच्या पिंटो कुटुंबाच्या घरी बैठका झाल्या व स्थानिक सैनिकही सामील झाले. परकीय सत्ता उलथून स्वराज्य स्थापण्याचा हा बेत १७८७ च्या ऑगस्टमध्ये फुटला. ४७ जणांना अटक झाली. त्यांत १७ धर्मगुरू होते. १७८८ च्या डिसेंबरात १५ प्रापंचिकांना क्रूरपणे मृत्युदंड देण्यात आला. अनेक धर्मगुरूंना लिस्बनला नेऊन वर्षानुवर्षे कैदेत ठेवण्यात आले. फादर गोन्साल्विस मात्र निसटले व पुढे कोलकात्यात राहिले.

संशयाची छाया फारियांवरही पडली. १७८८ साली आबे फारिया लिस्बन सोडून पॅरिसला गेले आणि तेथे त्यांनी राज्यक्रांती जवळून पाहिली. १७९५ साली तर त्यांनी क्रांतिकाळातील सत्ताधारी सभेविरुद्ध उठलेल्या एका तुकडीचे नेतृत्व केले. पुढे मार्सेय व नीम येथे त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले. १८१३ पासून पॅरिसमध्ये ते संमोहनाचे प्रयोग दाखवू लागले. संमोहन करणाऱ्याच्या अंगी कोणतीही गूढ शक्ती नसते, निद्रा घेणाऱ्याच्या स्वतःच्या मनातूनच ती अवस्था येते, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांची टवाळी झाली. रंगमंचावरही त्यांना हास्यास्पद ठरवण्यात आले. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. मोंमार्त्र येथील त्यांच्या कबरीवर साधी खूणही राहिली नाही.

धर्मगुरूंनी शस्त्राच्या वाटेला जावे काय, हा प्रश्न आम्हांलाही अस्वस्थ करतो. रक्तपाताचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु ज्यांनी एकाच वेदीवर मिस्सा अर्पण केली, त्यांच्यात वर्णावरून भेद व्हावा, हे पाप बंडाच्या आधीचे होते, हेही विसरता येत नाही. आज मोशी-चाकण पट्ट्यात नाना प्रांतांतून, नाना भाषा बोलत कुटुंबे पोटापाण्यासाठी येतात. आपल्या धर्मग्रामांत त्यांपैकी कोणीही परके ठरू नये. फाशी गेलेल्या त्या पंधरा जणांना व बेनाम कबरीतील आबे फारियांना प्रभू चिरशांती देवो, हीच प्रार्थना.