अधिकार आणि अनुभव : तुकारामांच्या साधनेची घडण

तुकारामांचे चरित्र सिद्ध करताना अभ्यासकासमोर प्रामुख्याने तीन प्रकारची साधने येतात : त्यांचे आत्मपर अभंग, शिष्या बहिणाबाई यांची समकालीन साक्ष आणि महिपतींनी ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांत सांगितलेली कथा. महिपतींचे लेखन तुकारामांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झालेले असल्याने त्यातील चमत्कारांचा भाग वेगळा काढावा लागतो. तरीही या तिन्ही साधनांतून एक प्रश्न ठळकपणे पुढे येतो. ज्याला शास्त्राने अधिकार दिला नव्हता आणि ज्याच्यामागे कोणताही मठ उभा नव्हता, अशा माणसाने आपले आध्यात्मिक जीवन कशाच्या बळावर उभारले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने तुकारामांच्या जीवनक्रमाचा विचार केला आहे.

१

तुकारामांचा जन्म इंद्रायणीकाठच्या देहू येथे झाला. जन्मसालाविषयी मतभेद असले तरी इ. स. १६०८ हे साल सामान्यतः स्वीकारले जाते. घराणे कुणब्याचे, व्यवसाय वाण्याचा, गावची महाजनकी घरात चालत आलेली. पूर्वज विश्वंभर यांच्यापासून घरात पंढरीची वारी आणि विठ्ठलाचे देऊळ होते. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. सावजींचे मन संसारात नसल्याने दुकानाचा भार लहान वयातच तुकारामांवर पडला. म्हणजेच भक्ती त्यांना वारशाने मिळाली होती. परंतु वारशाने मिळालेली भक्ती ही अद्याप त्यांची स्वतःची नव्हती. ती कुळाचा आचार होती.

हा आचार आणि अनुभव यांतील भेद त्यांच्या आयुष्यात दुष्काळाने उघड केला. आई-वडील आधीच गेले होते. पत्नीच्या निधनानंतर सावजी घर सोडून गेले होते. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळात तुकारामांचे दुकान बुडाले, गावात पत गेली, प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून मरण पावल्या आणि पाठोपाठ मुलगा संतोबाही गेला. आत्मपर अभंगांत या आपत्तींचा उच्चार अतिशय थोडक्या शब्दांत येतो. त्यांत आक्रोशापेक्षा लाज अधिक आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. कुटुंब जगविता न आलेल्या कर्त्या पुरुषाची ती लाज आहे. त्यांच्या साधनेचा आरंभ तत्त्वचिंतनातून नव्हे, तर या लाजेतून झाला.

२

यानंतर तुकारामांनी जे केले त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम त्यांनी मोडकळीस आलेले घरचे देऊळ दुरुस्त केले. मग एकादशीच्या कीर्तनात ते उभे राहू लागले. पण कीर्तनकार म्हणून नव्हे, तर मागे राहून ध्रुपद धरणारे म्हणून. अभ्यासात आपले चित्त नव्हते, असे ते स्वतःच नमूद करतात. म्हणून पूर्वीच्या संतांची काही वचने त्यांनी विश्वासाने पाठ केली. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ आणि कबीर यांचे संस्कार त्यांच्या रचनेत सर्वत्र जाणवतात. संस्कृत विद्येचे दार ज्याला बंद होते, त्याला पाठांतराचे दार उघडे होते आणि त्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नव्हती.

पाठांतराला जोड मिळाली ती एकांताची. भंडारा, भामचंद्र आणि घोरवडेश्वर हे तीन डोंगर त्यांच्या साधनेची स्थाने म्हणून परंपरेने सांगितले आहेत. हिंजवडी-माणपासून चाकणपर्यंत पसरलेल्या आजच्या उद्योगपट्ट्यातून जाणाऱ्याला हे डोंगर कारखान्यांच्या छपरांपलीकडे दिसतात. भंडारा आणि घोरवडेश्वर येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत; तुकारामांच्या कितीतरी शतके आधीही या खडकांत लोक एकांतासाठी येऊन राहिले होते. मात्र ही स्थाने अरण्यातली नव्हेत. ती सारी देहूहून पायी जाऊन येण्याच्या टप्प्यात आहेत. तुकाराम डोंगरावर गेले आणि परतही आले. त्यांनी संन्यास घेतला नाही, भगवी वस्त्रे धारण केली नाहीत. कर्जखतांची वाटणी करून निम्मी कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, ही महिपतींची कथाही याच वृत्तीची द्योतक आहे. भावाचा हक्क त्यांनी आपल्या वैराग्यासाठी बुडविला नाही.

या वैराग्याची किंमत मात्र दुसऱ्या पत्नी जिजाबाई यांनाही मोजावी लागली. परंपरेने त्यांना कजाग ठरविले आहे. परंतु मुलेबाळे पदरी असताना घरात धान्य नाही आणि पती डोंगरावर आहे, या परिस्थितीत त्यांचा त्रागा स्वाभाविकच मानला पाहिजे. विशेष म्हणजे तो त्रागा खुद्द गाथेत शब्दबद्ध झाला आहे. व्यक्तिगत साधना ही केवळ साधकाच्या खर्चाने होत नाही, याचे भान त्या अभंगांतून व्यक्त होते. तुकारामांच्या प्रामाणिकपणाचा हा एक मोठाच पुरावा होय.

३

संस्थेविना साधना करणाऱ्यासमोर अखेर प्रामाण्याचा प्रश्न उभा राहतोच. तुकारामांच्या बाबतीत तो दोन रूपांनी आला. पहिले रूप गुरूचे. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी नावाच्या गुरूने स्वप्नात येऊन मंत्र दिला, राघव चैतन्य व केशव चैतन्य अशी परंपरा सांगितली, भोजनासाठी थोडे तूप मागितले आणि आपल्याला त्याचे विस्मरण झाले, असा वृत्तांत ते देतात. कवित्वाची आज्ञाही नामदेवांकडून स्वप्नातच मिळाली. येथे परंपरा नाकारलेली नाही; परंतु ती कोणत्याही गादीच्या मध्यस्थीवाचून आली आहे. पुढे बहिणाबाईंनाही तुकारामांचा अनुग्रह स्वप्नातच लाभला, हे या संदर्भात महत्त्वाचे ठरते. स्त्री आणि शूद्र यांना प्रत्यक्षात जे नाकारले जाई, ते स्वप्नाच्या मार्गाने मिळू शकत होते.

दुसरे रूप विरोधाचे. वाघोलीचे रामेश्वर भट यांनी शूद्राच्या वाणीतून वेदार्थ प्रकट होण्यास हरकत घेतली आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांच्या उपोषणानंतर वह्या तरल्या, अशी श्रद्धा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्या तेरा दिवसांतील शंका उरते. आपला अनुभव खरा की केवळ आपल्या मनाचा खेळ, हे ठरविण्यास बाहेरचा कोणताही निर्णायक अधिकारी नव्हता. गाथेत वारंवार येणारी स्वतःच्या मनाची झडती, कबुली आणि देवाशी भांडण यांचा उगम याच रिकामेपणात शोधावा लागतो. अखेर निर्णय लोकांनी दिला. चाकणचे संताजी जगनाडे यांनी अभंग लिहून ठेवले, लोकांनी ते मुखोद्गत केले आणि रामेश्वर भटही अनुयायी झाले. व्यक्तिगत साधना खासगी राहिली नाही, म्हणूनच तिला प्रामाण्य लाभले.

४

तुकारामांनी मठ स्थापन केला नाही. १६५० मध्ये त्यांचे निर्याण झाले आणि १६८५ मध्ये पुत्र नारायणमहाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. ज्याने संस्थेवाचून साधना केली, त्याच्याभोवती संस्था उभी राहिली. यात विरोधाभास असला तरी अन्याय नाही. वह्या आणि स्मरण टिकविण्यास समूह लागतोच. मात्र पुढील काळात ज्यांना रूढ चौकटी अपुऱ्या वाटल्या, ते पुन्हा तुकारामांकडेच वळले. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाच्या रानडे-भांडारकरांनी त्यांच्या अभंगांत मूर्ती व पुरोहित यांपलीकडचा ईश्वर पाहिला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली; त्यांनीही आपली वाट तुकारामांवरून आल्याचे मानले.

या सर्वांनी आपापल्या सोयीचा तुकाराम निवडला, असा आक्षेप घेता येईल व तो अंशतः खराही आहे. विठ्ठल, वारी आणि नाम यांपासून तुकारामांना वेगळे काढणे चरित्राशी सुसंगत नाही. त्यांनी परंपरा सोडली नाही. तिच्यातले काय खरे हे स्वतः पारखून घेण्याची जबाबदारी मात्र दुसऱ्या कोणावर टाकली नाही. गाथेचे अध्यापन करताना सिद्धावस्थेच्या अभंगांइतकेच या पारखणीचे, शंकेचे आणि जिजाबाईंच्या त्राग्याचे अभंगही विद्यार्थ्यांसमोर ठेवले, तरच हे चरित्र पूर्ण होईल.