पाळकाच्या घरातील पोरके लेकरू : फ्रीड्रिख फ्रोबेल

लहान लेकरांच्या बालवाड्या आज गावोगावी दिसतात. ह्या कल्पनेस ज्यांनी आकार दिला, त्यांत फ्रीड्रिख फ्रोबेल हे प्रमुख होत. त्यांचे चरित्र आम्ही विशेषेकरून आमच्या पाळक व उपदेशक बंधूंपुढे ठेवीत आहो. कारण हे गृहस्थ पाळकाच्याच घरी जन्मले आणि त्याच घरी पोरके झाले.

जर्मनीतील थुरिंगिया प्रांती ओबरवाइसबाख ह्या डोंगराळ गावी २१ एप्रिल १७८२ रोजी त्यांचा जन्म झाला. मूल नऊ महिन्यांचे होते तोच आई वारली. वडील श्रद्धावान व कष्टाळू पाळक होते. सहासात गावांतील सुमारे पाच हजार माणसांची काळजी त्यांजकडे होती. त्या कामात त्यांचा दिवस सरे. स्वतःच्या लेकरासाठी मात्र वेळ उरत नसे. मूल चाकरांच्या व थोरल्या भावांच्या हाती वाढले.

पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईने प्रथम त्यास जवळ घेतले, आणि मायेचा भुकेला बालक तिला बिलगला. परंतु तिला स्वतःचा मुलगा होताच तिचे मन पालटले. घरच्या माणसांस त्या भाषेत जे जवळिकीचे ‘तू’ म्हणतात, तेही तिने सोडले, व हाताखालच्या परक्या माणसाशी बोलावे तशी ती त्याच्याशी बोलू लागली. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आपले वृत्त लिहितानाही फ्रोबेल हे विसरले नव्हते. वडिलांसही तो मंद व वाईट वाटू लागला. जसे त्यास समजण्यात येई, तसाच तो होत चालला.

तथापि देवाने त्यास अगदी सोडले नाही. थोरला भाऊ क्रिस्टोफ त्याची बाजू घेई. बागेतील फुले त्यास सोबत करीत. दहा वर्षे पुरी झाल्यावर त्याच्या मृत आईचे भाऊ हॉफमन, हेही पाळकच, भेटीस आले. मुलाची दशा पाहून त्यांनी त्यास श्टाट-इल्म येथे आपल्या घरी नेले. तेथे त्याजवर विश्वास ठेवण्यात आला, खेळण्यास मोकळीक मिळाली, आणि तोच मुलगा उमलू लागला.

१८०१ साली वडील आजारी पडले, तेव्हा फ्रोबेल घरी येऊन त्यांचे लेखनकाम करू लागले. १८०२ साली वडील निवर्तले. १८१३ साली क्रिस्टोफही साथीच्या तापाने वारला. तेव्हा १८१६ साली त्याच्या पोरक्या मुलांसाठी फ्रोबेल ह्यांनी शाळा उघडली. पुढे अनुभवाने त्यांची खात्री झाली की, शाळेत येण्यापूर्वीच मुलाच्या मनाचा पाया घातला गेलेला असतो. यास्तव १८३७ साली त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे लहान बालकांसाठी काम आरंभिले, आणि १८४० साली त्यास ‘मुलांची बाग’ असे नाव दिले. १८४४ साली आयांसाठी गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे पुस्तक काढिले. कारण पहिली शिक्षिका आईच होय, असे त्यांचे मत होते. १८५१ साली प्रशिया सरकारने ह्या बालशाळांस बंदी केली. ती उठण्यापूर्वीच २१ जून १८५२ रोजी ते वारले. बंदी १८६० साली उठली.

प्रिय बंधूंनो, ओबरवाइसबाखचे ते पाळक दुष्ट नव्हते. ते आपल्यासारखेच कामात होते. आपणही संध्याकाळी वाडीवस्तीवर प्रार्थनेस जातो, आणि परत येतो तेव्हा आपली लेकरे निजलेली असतात. मंडळीची काळजी देवाने आपणांस दिली, हे खरे. परंतु ती लेकरेही त्यानेच दिली. महाग खेळणी नकोत. निजण्यापूर्वी थोडा वेळ त्यास मांडीवर घ्यावे, त्याचे बोलणे पुरते ऐकावे, त्याचे नाव मायेने घ्यावे, आणि मग त्याजबरोबर लहानशी प्रार्थना करावी. सावत्र लेकरू असेल तर हे अधिकच करावे. स्वर्गीय पित्याच्या प्रीतीविषयी आपण मंडळीत जे सांगतो, ते लेकरू प्रथम आपल्या बापाच्या मांडीवर शिकते.