बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ते ज्यांच्यावरून पडलं, त्या वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा इथला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करताना त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत, मोजक्या मदतनीसांसह, हाफकिन यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. प्लेग सातारा जिल्ह्यातही पोहोचला. आपलं तासगाव तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. मागणी वाढली, तसं काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलवावं लागलं.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती. तिचा क्रमांक होता ५३-एन. बाकीच्यांना काही झालं नाही.

क्रमांक होता म्हणून दोष एका बाटलीपर्यंत नेता आला. पण तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले कुठे? परळच्या प्रयोगशाळेत, की गावात बूच काढताना? चौकशीत बोट हाफकिन यांच्याकडे वळलं. निर्जंतुकीकरणासाठी त्यांनी कार्बोलिक अ‍ॅसिडऐवजी उष्णतेवर भर दिला होता. त्यांना पदावरून दूर करण्यात आलं.

सगळी कागदपत्रं उजेडात यायला चार-पाच वर्षं लागली. बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे त्यातून कळलं. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी आवाज उठवला. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. ते भारतात परतले, ते कोलकात्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये लोझान इथे त्यांचं निधन झालं.

त्या काळी देशात औषधांच्या दर्जासाठी सर्वांना लागू असा कायदा नव्हता. तो १९४० मध्ये आला. आज औषधाच्या वेष्टनावर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत आणि परवाना क्रमांक छापणं बंधनकारक आहे. एखादं औषध सदोष निघालं, तर बाजारातून नेमका कोणता माल परत घ्यायचा, हे बॅच नंबरावरूनच ठरतं.

म्हणून औषध घेताना मेडिकलमधून पावती मागून घ्यावी आणि तिच्यावरचा बॅच नंबर स्ट्रिपशी जुळवून पाहावा. औषध संपेपर्यंत वेष्टन टाकू नये. स्ट्रिप कापून गोळ्या मिळाल्या, तर नंबर आणि मुदत लिहून घ्यावी. औषध बाधलं, तर डॉक्टरांकडे जाताना ते वेष्टन सोबत न्यावं. औषध कारखान्यात चोख बनलं तरी टोचणाऱ्याचा हात आणि साधनं स्वच्छ नसली, तर ते घातक ठरतं. मुल्कोवालमध्ये १९ जणांच्या जिवाचं मोल देऊन हे कळलं.